साठीनंतर काम मागताय? या चुका टाळा

दर मे महिन्यात माझ्याकडं माणसं येतात, निवृत्तीनंतरही काम मिळावं म्हणून अर्ज कसा करायचा ते विचारायला. शाळेत मास्तरांनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावलेली ही पिढी. सरकारी नोकरीत जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, म्हणजे ३१ मे. आणि यांना जाग येते २५ मेला. अर्ज निदान सहा महिने आधी द्या, एवढंच सांगून पुढं जातो.

खासगीवाल्यांची वेगळीच तऱ्हा. ‘पीएफमध्ये ५८ भरले, उद्यापासून येऊ नका’ असं ऑफिसातला पोरगा सांगतो आणि माणूस मान डोलावून घरी. अहो, ५८ हे पेन्शन योजनेचं वय. तिथं पेन्शन फंडातला भरणा थांबतो. नोकरी चालू असेल तर पीएफ कापला जातोच. पेन्शन ६० पर्यंत पुढं ढकलली तर वर्षाला ४ टक्के वाढून मिळते. निवृत्तीचं वय नेमणूकपत्रात, करारात नाहीतर स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत शोधायचं. तिथं लिहिलेलं असेल तर त्यापुढची मुदतवाढ मालकाच्या मर्जीवर, हक्क नाही. पण कुठंच लिहिलेलं नसेल, तर ‘वय झालं’ म्हणून कामगाराला काढणं ही निवृत्ती ठरत नाही, कामगार कपात ठरते. मग नोटीस आली, भरपाई आली. हे वाचायला कुणाला वेळ नसतो.

आता तोंडी शब्द. एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात वार्पिंगवर, म्हणजे बीमच्या मोठ्या रुळावर ताण्याचं सूत गुंडाळायच्या कामावर असलेले आमच्या गल्लीतले मामा. साठी झाली तशी शेठ म्हणाले, “मामा, तुम्ही कुठं जाताय? या की उद्यापासून.” पत्र मागा म्हणून मी दोनदा सांगितलं. “इतक्या वर्षांचा संबंध, कागद कसा मागायचा?” हजेरीपटावरून नाव निघालं, पगार व्हाउचरवर सुरू झाला. अकराव्या महिन्यात बीमखाली बोट चेंगरलं. ईएसआयला, म्हणजे कामगार विमा योजनेला वयाची आडकाठी नाही, पण भरणाच नव्हता, त्यामुळं दवाखान्यातून परत. शेठ म्हणाले, “ते आमच्याकडं कामालाच नाहीत.” मामांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून दोन व्हाउचरं काढली. नाव होतं, महिना होता, शिक्का नव्हता. बोटाचा खर्च घरातून गेला.

तेव्हापासून माझी एक सवय आहे: अर्जाच्या दोन प्रती, दुसरीवर तारखेसकट पोच. अर्जात मुदत किती, पगार किती, पीएफ-ईएसआय चालू राहणार का, हे तीन प्रश्न. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट. टपालखर्चासाठी कुरकुरणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

ग्रॅच्युइटी ‘काम चालूच आहे की’ म्हणून शेठकडं ठेवू नका. निवृत्त केलं असेल तर ३० दिवसांत मागा. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. म्हणजे १३,००० पगार आणि २० वर्षं असतील तर दीड लाख. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

राहिला जन्मतारखेचा जुगाड. राज्य सरकारी नोकरीत दुरुस्तीचा अर्ज रुजू झाल्यापासून ५ वर्षांत करायचा असतो, आणि नोकरीच्या अखेरीस आलेल्यांना सुप्रीम कोर्टानंही वेळोवेळी परत पाठवलंय. तरी गेल्या वर्षी एक गृहस्थ ५७ व्या वर्षी ग्रामपंचायतीचा कोराकरकरीत दाखला घेऊन आले, दोन वर्षांनी लहान होऊन. मी चहा पाजला आणि दाखला त्यांच्याच पिशवीत परत घातला.