पायथनमध्ये फोल्डरचं अख्खं झाड बनवायचं आणि कॉपी करायचं, पण नीट

एकात एक फोल्डर बनवायचे किंवा तयार असलेलं सगळं झाड दुसरीकडे कॉपी करायचं, हे पायथनमध्ये दोन ओळींचं काम आहे. पण त्या दोन ओळी लिहायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या: जिथे बनवायचंय तिथे आधीच काहीतरी पडलेलं असेल तर काय व्हायला हवं? एरर येऊन थांबायचं, गपचूप पुढे जायचं, जुन्यात नवं मिसळायचं, की जुनं काढून फक्त नवं ठेवायचं? बहुतेक लोक हे ठरवतच नाहीत, पहिल्यांदा स्क्रिप्ट चालली की झालं म्हणतात, आणि दुसऱ्यांदा चालवली की गडबड होते. हे एकदा पक्कं झालं की कुठलं फंक्शन आणि कुठला ऑप्शन घ्यायचा हे सहज कळतं.

कोडमधली नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही एडिटरमध्ये नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करा.

आधी बनवण्याचं बघू. ओएस.एमकेडर हे फंक्शन फक्त एकच पातळी बनवतं. म्हणजे डेटा/२०२५/रिपोर्ट असं हवंय आणि मधला २०२५ नसेल, तर फाइलनॉटफाउंडएरर येतो. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण मी तर बनवायला सांगतोय मग सापडत नाही काय, असं वाटतं. सापडत नसतो तो वरचा फोल्डर. त्यासाठी ओएस.मेकडर्स आहे, ते मधले सगळे बनवत जातं:

ओएस.मेकडर्स("डेटा/२०२५/रिपोर्ट", एक्झिस्ट_ओके=ट्रू)

तो एक्झिस्ट_ओके दिला नाही तर दुसऱ्या रनला फाइलएक्झिस्ट्सएरर येणार. काही जण आधी इफ लावून फोल्डर आहे का बघतात आणि नसेल तर बनवतात, ते नका करू, कारण बघणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसने तोच फोल्डर बनवला तर तुमची स्क्रिप्ट पडते, आणि असला एरर परत आणून दाखवणं फार कठीण असतं. एक्झिस्ट_ओकेला हा प्रश्नच येत नाही. शिवाय त्याच नावाची साधी फाइल तिथे असेल तर हा ऑप्शन ट्रू असूनही एरर येतो, आणि तो यायलाच हवा, कारण फाइलच्या जागी फोल्डर कसा बनणार.

मला स्वतःला पाथलिब (पाथ हाताळायचं मॉड्यूल) जास्त आवडतं, ३.४ पासून ते पायथनसोबतच येतं. त्यात पाथ("डेटा") / "२०२५" / "रिपोर्ट" असं स्लॅशने जोडायचं आणि शेवटी .एमकेडर(पेरेंट्स=ट्रू, एक्झिस्ट_ओके=ट्रू). दोन्ही ऑप्शन द्यायचे, एकच दिला तर अर्धंच काम होतं. विंडोजवर उलट्या स्लॅशची जी डोकेदुखी असते, म्हणजे स्ट्रिंगमध्ये उलटा स्लॅश आणि पुढे एन आला की त्याची नवी ओळ होते, ती इथे जवळजवळ संपते. फक्त एक जपा: जोडताना उजवीकडचा तुकडा स्लॅशनेच सुरू होत असेल तर डावीकडचं सगळं फेकलं जातं. पाथ("डेटा") / "/रिपोर्ट" याचं उत्तर डेटाच्या आतलं रिपोर्ट नाही, थेट रूटवरचं, म्हणजे डिस्कच्या सगळ्यात वरच्या पातळीवरचं /रिपोर्ट येतं. युजरने दिलेलं नाव जोडत असाल तर हे आधी तपासा.

आता कॉपी. इथे शटिल या मॉड्यूलमधलं शटिल.कॉपीट्री वापरायचं, पहिला जुना फोल्डर, दुसरा नवा. लक्षात ठेवायची पहिली गोष्ट म्हणजे ते जुन्या फोल्डरच्या आतलं सगळं नव्या नावाखाली टाकतं, जुना फोल्डर उचलून नव्याच्या आत ठेवत नाही. बॅकअप/प्रोजेक्ट असं हवं असेल तर दुसऱ्या जागी ते पूर्ण नाव तुम्हीच द्यायचं. टर्मिनलवरच्या कॉपी कमांडची सवय असलेले इथे फसतात.

नवा फोल्डर आधीच असेल तर कॉपीट्री नाही म्हणतं. चालणार असेल तर सांगावं लागतं:

शटिल.कॉपीट्री(जुना, नवा, डर्स_एक्झिस्ट_ओके=ट्रू)

हा ऑप्शन ३.८ मध्ये आला. त्याच्या आधीची जी उत्तरं सर्च करताना दिसतात त्यात डिस्टयुटिल्स या जुन्या मॉड्यूलचं कॉपी_ट्री सुचवलेलं असतं, ते आता विसरा, ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स पायथनमधून काढूनच टाकलंय.

आणि डर्स_एक्झिस्ट_ओके म्हणजे मिसळणं, आरसा नव्हे. सारख्या नावाच्या फाइलवर नवी फाइल बसते, पण जुन्यातून तुम्ही डिलीट केलेली फाइल नव्यात होती तशीच राहते. हुबेहूब कॉपी हवी म्हणून आधी शटिल.आरएमट्रीने (अख्खा फोल्डर डिलीट करणारं फंक्शन) नवा फोल्डर उडवायचा आणि मग कॉपी करायची, असं बरेच जण करतात, पण कॉपी मधेच अडकली तर हातात जुना बॅकअपही नाही आणि नवाही अर्धाच. त्यापेक्षा शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण कॉपी करा, ती नीट झाली की आधीच्या बॅकअपचं नाव बदला, नव्याला खरं नाव द्या, आणि सगळ्यात शेवटी तो नाव बदललेला आधीचा बॅकअप उडवा. दोन ओळी वाढतात, पण झोप शांत लागते.

काही फाइली नको असतील तर इग्नोर=शटिल.इग्नोर_पॅटर्न्स(...) मध्ये पॅटर्न द्यायचे, कॅशे फोल्डर वगैरे सुटतात. पण इग्नोरला स्वतःचं फंक्शनही देता येतं आणि खरी मजा तिथे आहे. त्या फंक्शनला प्रत्येक फोल्डरचा पाथ आणि त्यातल्या नावांची यादी मिळते, जी नावं परत कराल ती वगळली जातात. म्हणजे फाइली नकोत, फक्त फोल्डरचा सांगाडा हवा असेल तर:

डेफ फाइली_वगळा(फोल्डर, नावं):
    रिटर्न {न फॉर न इन नावं इफ नॉट (पाथ(फोल्डर) / न).इज_डर()}

हे इग्नोर=फाइली_वगळा असं दिलं की सगळी रिकामी रचना तयार. ओएस.वॉकचा (एकेक फोल्डर फिरून दाखवणारं फंक्शन) लूप लिहून, रिलेटिव्ह पाथ काढून, परत जोडून वगैरे काही करावं लागत नाही.

एरर आले तर कॉपीट्री पहिल्याच फाइलला सहसा थांबत नाही, जमेल तेवढं कॉपी करतं आणि शेवटी शटिल.एरर टाकतं, त्यात कुठली फाइल, कुठे जायची होती आणि का नाही गेली अशी यादी असते. ती यादी लॉगमध्ये छापा. नुसतं एक्सेप्ट लावून पास केलं तर अर्धवट कॉपीला पूर्ण समजून बसाल.

सिमलिंकचं (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) डिफॉल्ट असं की लिंक जिकडे दाखवते तिथला मजकूर खरा कॉपी होतो, त्यामुळे एखादी लिंक मोठ्या फोल्डरकडे जात असेल तर कॉपी फुगते. लिंक लिंकच राहायला हवी असेल तर सिमलिंक्स=ट्रू. आणि कॉपी करायची जागा जुन्या फोल्डरच्याच आत कधी ठेवू नका, काही मांडणीत ते स्वतःचीच कॉपी करत खोल खोल जात राहतं, पाथ मावेनासा होईपर्यंत.

डिफॉल्टने फाइलच्या बदलाची वेळ आणि परमिशन बरोबर येतात, पण फाइलचा मालक येत नाही, सर्व्हरवर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवत असाल तर हे आधी बघा. ३.१४ वापरत असाल तर पाथलिबमध्येच आता .कॉपी() आलंय, फोल्डरही चालतो, पण तिथे वेळ वगैरे आपोआप येत नाही, प्रिझर्व्ह_मेटाडेटा=ट्रू द्यावं लागतं.

कॉपी झाल्यावर तपासायला फाइलसीएमपी.डीआयआरसीएमपी(जुना, नवा) आहे, त्यावर .रिपोर्ट_फुल_क्लोजर() केलं की आतपर्यंतचा फरक छापून येतो. फक्त ते साधारणपणे प्रकार, साइज आणि वेळ जुळली की फाइल सारखी धरतं, आतला मजकूर वाचत नाही. महत्त्वाचा डेटा असेल तर ३.१३ पासून त्याला शॅलो=फॉल्स देता येतं, त्याआधीच्या व्हर्जनवर फाइलसीएमपी.सीएमपीला तेच देऊन एकेक फाइल तपासायची.