कागदशिल्प शिकताना: आधी कागदाचा स्वभाव ओळखा

कागदातून शिल्प घडवणाऱ्या आजच्या कलाकारांची कामं बघताना नवशिक्याचं लक्ष आधी नाजूकपणाकडे जातं. किती बारीक कापलंय, किती घड्या घातल्यात. त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारावा: या कलाकाराने कागदाच्या कुठल्या गुणाचा आधार घेतलाय? पीटर कॅलेसन कापून उरलेल्या रिकाम्या जागेला बोलतं करतो. युलिया ब्रॉडस्काया पट्टी कडेवर उभी चिकटवून रेषा काढते. ब्रायन डेटमर जुन्या पुस्तकाच्या कडा घट्ट बंद करून आतली पानं थर-थर कोरत जातो. त्यात नवीन काही घालत नाही, कुठलं चित्र जागेवरून हलवत नाही. एकेका गुणावर या मंडळींनी वर्षं घातली आहेत. तो गुण स्वतःच्या हातांनी तपासणं हाच शिकण्याचा सरळ रस्ता.

सुरुवात तंतूंच्या दिशेपासून, म्हणजे ग्रेनपासून. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात. एकाच तावातून २ सेमी रुंद आणि १५ सेमी लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभ्या दिशेने, एक आडव्या. दोन्ही एका टोकाला धरा. जी कमी वाकते तिच्यात तंतू लांबीला समांतर आहेत. तंतूंना समांतर घडी स्वच्छ बसते. आडवी घडी जाड कागदावर तडकते, तिच्या कडेवर पांढरे केस दिसू लागतात. ओल लागली की तंतू लांबीत जेमतेम वाढतात, रुंदीत मात्र कितीतरी पट जास्त फुगतात. म्हणून गोंद लावलेला कागद एकाच बाजूने वळतो. कामं वाकडी होण्याचं पहिलं कारण बहुधा हेच असतं, आणि दोष मात्र हाताला दिला जातो.

आता कापणं. कॅलेसनची बरीच कामं एका ए४ तावाची आहेत: पांढरा, आम्लरहित कागद. आकृती त्याच तावातून कापून उभी केलेली असते आणि मागे तिचीच पोकळी राहते. हा नियम स्वतःवर घालून एक छोटं काम करा. आकृतीत जितका कागद वापराल तितकाच तावातून कमी झालेला दिसला पाहिजे, त्यामुळे आधी रद्दी कागदावर कच्चा नमुना केल्याशिवाय गत्यंतर नाही. ३० अंशांच्या टोकदार पात्याचा कटर आणि कटिंग मॅट घ्या. आतले लहान तुकडे आधी कापा, बाहेरची रेघ शेवटी. उलट केलं तर ताव सैल पडतो आणि आतलं काम फाटतं. कोपऱ्यावर पातं वळवू नका; कोपऱ्यातून सुरू करून बाहेर ओढा, मग ताव फिरवून त्याच कोपऱ्यातून दुसरी रेघ. कडेला लव दिसू लागली की धार गेली, पातं बदला. जोर वाढवून कापणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. आकृती तावाला जोडणारी पट्टी ३ मिमीपेक्षा अरुंद ठेवलीत तर ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदात ती आकृतीचं वजन पेलत नाही.

घडीकडे वळताना कोरड्या घडीचे दोन नियम पाठ असावेत. सपाट मिटणाऱ्या घडीकामात कागदाच्या आतल्या कुठल्याही बिंदूपाशी डोंगरघड्या (कणा वर येणाऱ्या) आणि दरीघड्या (खाली जाणाऱ्या) यांच्या संख्येत बरोबर २ चा फरक असतो. हा माएकावाचा नियम. त्याच बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक बेरीज केले तर दोन्ही बेरजा १८० अंश येतात, हा कावासाकीचा. नक्षी मिटत नसेल तर ताकद लावण्याआधी कोन मोजा.

वक्र घडी मात्र सपाट मिटतच नाही, आणि तिथेच शिल्प सुरू होतं. एरिक आणि मार्टिन डिमेन या बापलेकांची वक्र घड्यांची शिल्पं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. त्यांच्या कामामागचा मूळ प्रयोग १९२० च्या दशकात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत योसेफ आल्बर्सच्या वर्गात झाला होता, आणि तो कुणालाही करता येतो. २०० जीएसएमच्या कागदावर १० सेमी त्रिज्येचं वर्तुळ आखा, आत ९ ते ४ सेमी त्रिज्येची आणखी सहा. कंपास-कटरने या सहा रेघांवर अर्ध्या जाडीपर्यंतच काप घ्या, एक पुढून, पुढची मागून, अशा आळीपाळीने. काप नेहमी डोंगराच्या बाहेरच्या बाजूला यायला हवा. मागच्या बाजूचा मध्य सापडावा म्हणून मध्यबिंदू टाचणीने आरपार टोचा. ३ सेमी त्रिज्येचं मधलं भोक अगदी शेवटी कापा, कारण ते आधी कापलं तर कंपास टेकवायला जागाच उरत नाही. मग बाहेरून आत हळूहळू, सगळ्या घड्या थोड्या थोड्या वळवत चला. चकती आपोआप खोगिरासारखी वर-खाली वळते. एकच घडी पूर्ण मिटवायला गेलात तर शेजारच्या कड्यावर सुरकुती पडते आणि ती जात नाही.

ओल्या घडीचं, म्हणजे कागद ओलसर करून घडी घालण्याचं तंत्र जपानी ओरिगामीकार आकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रुजवलं. एरिक जोइझेलचे (१९५६–२०१०) मुखवटे आणि माणसं त्यातूनच आली, आणि रिचर्ड स्वीनीसुद्धा ओल्या कागदाच्या चुण्यांतून अमूर्त आकार उभे करतो. कागदातली खळ (तो बनवताना घातलेला चिकट पदार्थ, सायझिंग) पाण्याने सैलावते, तंतू सरकतात, वाळल्यावर खळ पुन्हा घट्ट होते आणि आकार टिकतो. साध्या झेरॉक्स कागदातली खळ पाण्यात विरघळणारी नसते, म्हणून तो नुसताच लुळा पडतो. १६० ते २०० जीएसएमचा कागद घ्या. त्याला खळ कमी असेल तर मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारा चिकट पदार्थ) लावा: २५० मिली पाण्याला ५ ग्रॅम. पावडर आधी थोड्या गरम पाण्यात ढवळून पसरवायची आणि मग थंड पाणी घालायचं. हे थंड पाण्यातच विरघळतं, पण पावडर थेट थंड पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात.

कागद पिळलेल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी ओला करा. पृष्ठभाग चमकत असेल तर पाणी जास्त झालं. चमक जाऊन स्पर्शाला गार लागला की घडीला तयार. चौरस कापायचा असेल तर ओला केल्यानंतरच कापा. कोरड्यात अचूक कापलेला चौरस ओला होताच एका दिशेने जास्त वाढतो आणि आयत होतो. जिथे बरेच थर एकत्र येतात ती जागा शेवटी वाळते, त्यामुळे आकार धरून ठेवायला लावलेली चिकटपट्टी आणि चिमटे रात्रभर तसेच राहू द्या. घाईने काढले तर आकार उघडतो.

लि होंगबोचे पुतळे पाहून प्लास्टरचा भास होतो, आणि मग ते लांबच लांब ताणले जातात. मूळ कल्पना चीनमधल्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या उघडणाऱ्या कागदी खेळण्यांची. १० सेमी बाजूचे ४० कागद घ्या. पहिल्यावर ३ सेमी अंतराने ३ मिमी रुंद गोंदाच्या समांतर रेघा, दुसऱ्यावर त्याच रेघा १.५ सेमी सरकवून, पुढे याच क्रमाने. साधारण ४ मिमी जाडीचा ठोकळा तयार होईल; वाळल्यावर ओढा. कुठे उघडला नाही तर तिथे गोंद पातळ होता आणि झिरपून तीन कागद एकत्र धरले गेले. इथे काडीचा कोरडा गोंदच (ग्लू स्टिक) चांगला.

लगद्याचं काम वेगळ्या स्वभावाचं आहे. झरीना हाश्मींचे लगद्याचे ओतीव तुकडे त्यासाठी नक्की बघावेत. साच्यात ओतलेला लगदा वाळताना आकसतो, म्हणून खोल, उभ्या भिंतींचा साचा पहिल्यांदा घेऊ नये.

या क्षेत्रात येण्याची ठरलेली एकच पदवी नाही. रॉबर्ट लँग भौतिकशास्त्रज्ञ होते आणि २००१ मध्ये ओरिगामीकडे पूर्णवेळ वळले. एरिक डिमेन संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मॅथ्यू श्लिअन शास्त्रज्ञांबरोबर काम करतो. ग्राफिक डिझाइन, मुद्राचित्रण, शिल्प, गणित, यातला कुठलाही पाया चालतो. पोर्टफोलिओत मात्र निरनिराळ्या तंत्रांचे वीस नमुने घालण्याऐवजी एकाच गुणावरची सहा-सात कामं ठेवावीत. पांढऱ्या कागदाचा फोटो समोरून फ्लॅश मारून घेतला तर उठाव नाहीसा होतो. प्रकाश एका बाजूने, खालच्या कोनातून हवा. थॉमस डिमांड तर कागदी प्रतिकृतीचा फोटो काढून प्रतिकृती नष्टच करतो, त्याच्याकडे अंतिम काम म्हणजे तो फोटो.

काम विकायचं असेल तर कागद आम्लरहित आहे ना, हे आधी बघा. लिग्निन (लाकडातला एक घटक) असलेला स्वस्त कागद उजेडात पिवळा आणि ठिसूळ होतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ पुढे पाण्याने सोडवता येते, पीव्हीए (नेहमीचा पांढरा) गोंद सहसा सुटत नाही. दुरुस्तीची शक्यता ठेवायची असेल तिथे खळच वापरा. प्रदर्शनात कागदावर साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवण्याचा प्रघात आहे. फ्रेम करताना काचेला काम टेकू नये म्हणून मधे पट्टी घाला. ऑर्डर घेताना माप विचारण्याआधी भिंत विचारा: तिच्यावर ऊन येतं का, पलीकडे न्हाणीघर आहे का, पावसाळ्यात ओल येते का. उत्तर होय असेल तर दुसरी भिंत सुचवा.