फायनल अंगणात बघायची तर

फायनल असली की आमच्या यावलकडच्या घरी टीव्ही ओट्यावर येतो. तुम्हीही बाहेरच काढा, एकट्याने बघण्यात ती मजा नाही. इन्व्हर्टर सकाळीच चार्ज करून ठेवा, लाइटीचा भरवसा नसतो. भरीत आणि कळण्याच्या भाकरी नाणेफेकीआधी उरका. नंतर चुलीपाशी कोणी थांबत नाही.

राष्ट्रगीत लागलं की सगळ्यांनी उभं राहायचं. खाटेवरच्या आजीलाही हात द्या. आमची आजी स्वतःच हात पुढे करते.

क्रिकेटपुरतं थांबू नका. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला, सोनं आलं. पोरांना आकडा उमगेना. मी त्यांना केळीच्या बागेत नेलं. दोन झाडांत पाच फूट, म्हणजे एका ओळीत ५७ झाडं ओलांडायची. मोजत मोजत पोरं टोकाला पोचली, मागे वळून पाहिलं आणि गप्पच झाली. माझ्याही अंगावर काटा आला. असं पायांनी मोजून दाखवा.

समोरच्याच्या चांगल्या खेळालाही टाळी द्या. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाची फायनल आपण ७ धावांनी जिंकलो, ते दक्षिण आफ्रिका शेवटपर्यंत झुंजली म्हणूनच इतकं गोड लागलं.

फटाके मात्र गोठ्यापासून लांब. बैल बुजतात.