मेळघाटातल्या आशाताईंसाठी गरोदर बायकांची जोखीम ओळखणारं एआय ॲप बनवताय? मग आधी हे करा
मॉडेल नंतर, आधी एक अख्खा दिवस आशाताईसोबत फिरा, धारणी नाहीतर चिखलदऱ्याकडच्या एखाद्या गावात. सकाळी लवकर जा, नंतर बायका शेतावर निघून जातात. ताईचा फोन बघा, स्टोरेज फुल, रेंज कुठंतरी टेकाडावर, आणि भरायची ॲपं आधीच ढीगभर, त्यामुळे तुमचं ॲप तिचं एखादं रजिस्टर कमी करत नसेल तर ते नकोच. ऑफलाइन चाललंच पाहिजे. थायलंडमध्ये गूगलचं डोळे तपासणारं एआय 11 दवाखान्यांत लावलं होतं, पाचातला एक फोटो तरी ते नाकारायचं, बरेचदा तिथल्या कमी उजेडामुळे, वर नेट स्लो, 2020 मध्ये त्यांनीच हे छापलंय.

इथल्या बऱ्याच घरांत बोलतात ती कोरकू ही मराठीची बोली नाहीये, मुंडा कुळातली वेगळीच भाषा आहे, मराठी व्हॉइस जोडून भागणार नाही. गावातल्याच बाईचा आवाज रेकॉर्ड करा आणि तिला त्याचे पैसे द्या.

आता डेटा, इथे खरी गोम आहे. दिवाळीनंतर कितीतरी घरं कामाला बाहेर जातात ती होळीला परततात. तेवढे महिने एंट्रीच नाही, मग मॉडेल शिकतं की ही बाई तपासणी चुकवते, आणि तिचं पोट भरायला जाणं हा तिचा दोष ठरतो!! म्हणून 'कामाला बाहेरगावी' हा पर्याय पहिल्या दिवसापासून ठेवा. अमेरिकेत असंच झालं होतं, खर्चावरून आजार मोजणाऱ्या अल्गोरिदमने कृष्णवर्णीय पेशंटना कमी आजारी धरलं, कारण त्यांच्यावर खर्चच कमी व्हायचा (2019 चा अभ्यास).

संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे. 'नाही म्हणालीस तरी तपासणी होणारच' हे तिच्या भाषेत तोंडी सांगा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2023 ची एआयवरची मार्गदर्शक तत्त्वंही वाचून काढा.

आणि सासूसमोर स्क्रीन लालभडक करू नका, घरात रडारड होते. जोखीम फक्त ताईला कळू दे. पण ती कळल्यावर पुढे काय? 108 ला फोन कोण करणार, धाकट्या पोराला कोण सांभाळणार, हे ठरल्याशिवाय ॲप गावात नेऊच नका. ताईला 'मला हे पटत नाही' असं बटण द्या, त्या नोंदी दर आठवड्याला स्वतः वाचा आणि तिला फोन करून विचारा, ताई, त्या दिवशी तुम्हाला काय वेगळं दिसलं होतं?