अंतर्कर्णाचे त्रिमितीय चित्रण: या चुका टाळा

अंतर्कर्ण लहान आहे आणि शरीरातील अत्यंत कठीण हाडात खोल दडलेला आहे, त्यामुळे त्याच्या रचनेचा अभ्यास आता बराचसा सीटी, एमआरआय आणि मायक्रो-सीटी (लहान नमुन्यांसाठीची अतिसूक्ष्म सीटी) यांच्या छेदांवरून तयार केलेल्या त्रिमितीय प्रतिकृतींवर होतो. पडद्यावर हवी तशी फिरवता येणारी ही प्रतिकृती इतकी रेखीव दिसते की ती करताना झालेल्या चुका तिच्यात पूर्णपणे झाकल्या जातात.

त्यांतील सर्वांत महागात पडणारी चूक थ्रेशोल्डची आहे. हाड कोठे संपते आणि पोकळी कोठे सुरू होते हे ठरवणारी मर्यादा सॉफ्टवेअरने सुचवली तशीच ठेवली, तर जाड हाड व्यवस्थित येते, पातळ हाड मात्र नाहीसे होते. रुग्णांच्या सीटीतील छेद बहुधा 0.5 ते 0.6 मिमी जाडीचे असतात आणि वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे (तोल सांभाळणाऱ्या तीन नलिकांपैकी एकीवरचे) हाड त्याहून पातळ असू शकते. अशा ठिकाणी एकाच व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीय प्रतिमेच्या सर्वांत लहान ठोकळ्यात) हाड आणि त्याला लागून असलेला द्रव यांची सरासरी निघते आणि प्रतिकृतीत नलिकेच्या माथ्यावर चक्क भोक दिसते. लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये वर्णन केलेला या नलिकेचा विकार खरोखरच अशा भोकामुळे होतो, म्हणून येथे घाई करणे धोक्याचे आहे. नलिकेच्या प्रतलाला समांतर आणि लंब असे छेद पुन्हा रचावेत, मूळ करड्या प्रतिमेत हाडाची कडा शोधावी, आणि लक्षणे व श्रवणचाचण्या जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

दुसरी चूक म्हणजे न दिसणाऱ्या पडद्यांच्या सीमा अंदाजाने आखणे. कॉक्लियातील (ऐकण्याच्या शंखाकृती अवयवातील) दोन द्रवांना वेगळे ठेवणारा रेसनरचा पडदा अवघ्या दोन पेशीथरांचा असतो. नमुन्याला ऑस्मियम, आयोडीन किंवा फॉस्फोटंगस्टिक आम्लाची प्रक्रिया केलेली नसेल, तर नेहमीच्या मायक्रो-सीटीत तो जवळजवळ दिसतच नाही. आयोडीनने ऊती आकसतात, त्यामुळे अशा नमुन्यावरची मापे जिवंत कानाची मानू नयेत. एमआरआयच्या टी2 प्रतिमेत (द्रव उजळ दाखवणाऱ्या प्रकारात) पेरिलिम्फ आणि एंडोलिम्फ हे अंतर्कर्णातील दोन्ही द्रव सारखेच उजळ दिसतात. ते वेगळे पाहायचे असतील तर शिरेतून गॅडोलिनियम हे प्रतिमेतील फरक ठळक करणारे द्रव्य देऊन सुमारे चार तासांनी फ्लेअर (एमआरआयचाच आणखी एक प्रकार) प्रतिमा घ्यावी लागते.

काढून ठेवलेल्या नमुन्यात हवेचा बुडबुडा शिरला आहे का, हेही स्कॅनआधी पाहावे. तरीही स्कॅनच्या प्रतिमेत कॉक्लियाच्या वेटोळ्यात द्रवापेक्षा गडद काळा, गोलसर कडेचा ठिपका दिसला, तर तो बुडबुडाच असण्याची शक्यता अधिक. त्याच्या शेजारचा पडदा सरकलेला असू शकतो.

शेवटी, फाइलचे स्वरूप बदलताना किंवा छेदांचा क्रम उलटा लागल्याने डावा कान उजवा होऊन बसतो. दोन्ही कान एकमेकांचे आरसे असल्यामुळे उलटलेली प्रतिकृतीही पूर्णपणे खरी वाटते आणि नुसते पाहून चूक सापडत नाही. म्हणून स्कॅन करतानाच नमुन्याच्या ठरावीक बाजूला खूण चिकटवावी आणि प्रतिकृती तयार झाल्यावर ती त्याच बाजूला आली आहे याची खात्री करावी.