जुनं फर्निचर घेताय? या चुका टाळा

रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली की खुर्चीवर हात फिरवत "साहेब, अस्सल व्हिक्टोरियन पीस आहे" म्हणणारा एक तरी भेटतोच, आणि आपणही मान डोलावतो, कारण व्हिक्टोरियन म्हणजे नेमकं काय हे त्यालाही माहीत नसतं नि आपल्यालाही.

काळपट लाकूड, थोडं नक्षीकाम, की झालं व्हिक्टोरियन! अहो, इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ गादीवर होती, तेवढ्यात किती फॅशन आल्या नि गेल्या, शिवाय त्या काळात मागच्या शतकातल्या स्टाइल पुन्हा जोरात बनवल्या गेल्या, त्यामुळे स्टाइल कळली म्हणजे वय कळलं असं अजिबात नाही.

नक्षी सोडा, आधी पाय बघा. वर गुडघ्यासारखा फुगीर आणि घोट्याशी बारीक होणारा वळणदार पाय, पाठीत मधोमध फुलदाणीच्या आकाराची फळी, ही क्वीन ॲन नावाची इंग्रजी स्टाइल. तसाच पाय पण पाठीची फळी जाळीसारखी कोरलेली असेल तर चिपेनडेल वळणाची. लंडनचा फर्निचरवाला थॉमस चिपेनडेल, त्याने १७५४ मध्ये डिझाइनचं पुस्तक छापलं आणि ते बघून दुसऱ्या सुतारांनी धडाधड खुर्च्या केल्या, म्हणजे चिपेनडेल म्हटलं तरी त्याच्या हातची समजू नका. गंमत म्हणजे पंजात गोळा धरलेला पाय लोक त्याची सही समजतात, तो त्या पुस्तकात नाहीच. फ्रेंचांचं सोपंय, तिथं स्टाइलला राजाचं नाव, पंधरावा लुई म्हणजे वळणं नि शिंपले, सोळावा म्हणजे सरळ पाय आणि त्यावर उभ्या खाचा.

आणि "पेशवेकालीन सोफा" कुणी दाखवला तर हसून पुढे निघा. वाड्यात बैठक असायची, गादी, लोड, तक्के, पाट, चौरंग, झोपाळा. सोफा कुठून आणणार?

वय बघायचं तर वस्तू उलटी करा. खालचं लाकूड वरच्यासारखंच चकचकीत असेल तर शंका घ्या. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला, पण एखादा दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका, मधे कुणीतरी दुरुस्ती केलेली असू शकते, सगळेच तसे असतील तर मात्र वस्तू त्यानंतरचीच समजा. अखंड लाकडाच्या जुन्या गोल टेबलाला टेप लावा, लाकूड रेषांच्या आडवं आकसतं म्हणून दोन्हीकडची मापं थोडी वेगळी येतात. बरोब्बर गोल आलं की मी तरी जास्त चौकशी करतो.

आता माझा गाढवपणा. आजोबांची शिसवी आरामखुर्ची मी सँडर लावून खरवडली आणि वर पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश मारलं, ती आता मॉलमधून आणल्यासारखी दिसते आणि आई अजून टोमणे मारते. आधी लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून बघायला हवा होता, चिकट झालं तर चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश, त्याला खरवडायची गरजच नसते, त्यावरच नवा हात देता येतो.

इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या सगळ्या व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीच्या म्हणून खपवतात. थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, वाफेवर बीच लाकूड वाकवून केलेले फक्त सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. पण पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि मग बाकीच्यांनीही त्या काढल्या, म्हणून बैठकीच्या कड्याखाली ठसा किंवा कागदी लेबल शोधा. डुगडुगते म्हणून खिळे ठोकू नका, लाकूड चिरतं, स्क्रूच आवळा. आणि वेत खाली गेलाय म्हणून लगेच प्लायवूड बसवायला नको, वेत तुटला नसेल तर खालून गरम पाण्याचं ओलं फडकं लावा, रात्रभर वाळू द्या, बराचसा ताणून येतो. तोवर घरातल्या जाड्या काकांना दुसरी खुर्ची द्या.