निधी कामी आला का? मोजताना या चुका टाळा

शाळा मध्येच सुटण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांसाठी सरकार पैसे देतं. ते कामी आले का, हे सांगणारे अहवाल मी बरीच वर्षं तपासते आहे. योजना बदलतात, चुका त्याच राहतात. त्यातल्या दोन मला फार खुपतात, कारण त्यांच्यापायी चांगल्या योजना बंद पडतात आणि निरुपयोगी योजनांना मुदतवाढ मिळते.

तळातल्या शाळा वर आल्या, म्हणजे योजना यशस्वी

एका वर्षाच्या गुणांत शिकण्याइतकाच योगायोगही मिसळलेला असतो. परीक्षेच्या आठवड्यात ताप पसरतो, ऐन वेळी शिक्षक रजेवर जातात, एखादी तुकडीच कच्ची निघते. पट लहान असेल तर सरासरी आणखी हेलकावते. सगळ्यात कमी गुणांच्या शाळा निवडल्या की नेमकं वाईट वर्ष गेलेल्या शाळा त्यात जास्त येतात, आणि पुढच्या वर्षी त्या काही न करताही थोड्या वर येतात.

चिलीत हेच झालं. तिथे १९९० साली पी-९०० योजना सुरू झाली. चौथीच्या परीक्षेत मागे पडलेल्या सुमारे ९०० शाळांना दुरुस्ती, पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि शाळेनंतरची शिकवणी मिळाली. गुण वाढले, योजनेचं कौतुक झालं. पुढे चे, मॅकइवन आणि उर्किओला या अभ्यासकांनी निवडीसाठी ठरवलेल्या गुणांच्या रेषेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्या, म्हणजे जवळपास सारख्याच पण एकीला मदत मिळालेल्या आणि दुसरीला न मिळालेल्या, शाळा शेजारी ठेवून पाहिल्या. २००५ साली त्यांनी दाखवलं की योजनेचा परिणाम समजला जात होता त्यापेक्षा बराच कमी होता. वाढीतला मोठा वाटा त्या आपोआप वर येण्याचा होता.

म्हणून रेषेच्या जरा वर राहिल्यामुळे ज्यांचा निधी हुकला, त्या शाळांची यादी मी सगळ्यात आधी मागते. ज्या गुणांवर निवड झाली तेच गुण ‘आधीची स्थिती’ म्हणून मी कधीच धरत नाही, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांची सरासरी घेते.

गळालेली मुलं हिशेबातून गळणं

एका कार्यालयाने मला अहवाल दिला होता: सरासरी चांगली वाढलेली, आलेख सुबक. मी सुरुवातीच्या यादीतली नावं शेवटच्या यादीशी एकेक करून जुळवायला बसले. दोन दिवस गेले. बरीच नावं शेवटच्या यादीत नव्हतीच. कोणी कामाला लागलं होतं, कोणाचं कुटुंब दुसरीकडे गेलं होतं, काहींचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी गुण याच मुलांचे होते. जी टिकली, त्यांचे स्वतःचे गुण जेमतेम हलले होते. सरासरी वाढली होती ती कच्ची मुलं निघून गेल्यामुळे.

विचारल्यावर उत्तर आलं, “ती मुलं आता आमच्या पटावर नाहीत.” पैसे त्यांच्यासाठीच मंजूर झाले होते. ते उत्तर मी अजून विसरलेले नाही.

नवखे लोक तयार तक्ता सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि तासाभरात निष्कर्ष काढतात. मला ही घाई मान्य नाही. नावं जुळवण्याचं कंटाळवाणं काम दुसऱ्यावर सोपवून तक्त्याला हात घालू नका.

बाकीच्या, थोडक्यात

निधी मंजूर झाला म्हणजे मुलापर्यंत पोचला, असं धरू नका. वरून पैसे आले की खालचे लोक स्वतःचा खर्च आखडता घेतात. अमेरिकेत गरीब मुलांच्या शाळांसाठी १९६५ पासून चालू असलेल्या ‘टायटल वन’ या केंद्रीय निधीला म्हणूनच अट आहे की तो राज्याच्या आणि स्थानिक पैशांत भर घालेल, त्यांची जागा घेणार नाही. मी दोन्हींचा, म्हणजे वरून आलेल्या आणि स्थानिक पैशांचा, आधीचा आणि नंतरचा खर्च पाहते.

जास्त निधीच्या शाळांचे गुण कमी दिसतात म्हणून पैसा वाया गेला म्हणू नका. तो अडचणीतल्या शाळांनाच दिलेला असतो.

वर्षभरात निकाल लावू नका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालवाडीच्या प्रयोगात १२३ मुलं होती; काही बालवाडीत गेली, काही नाही. बालवाडीत गेलेल्यांची बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीत त्यांची कमाई न गेलेल्यांपेक्षा जास्त होती आणि त्यांना अटकही कमी वेळा झाली होती.

आणि पहिला हप्ता सुटण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव, पत्ता आणि चाचणीचे गुण लिहून ठेवा. नंतर ही यादी कोणीही नीट बनवून देत नाही.